रेघेखालचं घर

सिद्रामतात्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते उलटं. मोजणीच्या दुर्बिणीत त्या काळी सगळं जगच उलटं दिसे. वर तापलेली, भेगाळलेली भुई, खाली चैत्राचं धुवट आभाळ, आणि त्या दोहोंमध्ये, आभाळात डोकं बुडवून, आकड्यांची लांब लाकडी पट्टी छातीशी धरलेला एक उंच, सडसडीत माणूस. पट्टीवरचा आकडा अचूक वाचता यावा म्हणून ती धरणाऱ्यानं सावकाश पुढे-मागे झुलवायची असते. बाकीचे गडी ती चिंचा पाडायच्या काठीसारखी हलवत. तात्या झुलवायचा तो पाळण्यातलं लेकरू जागं होऊ नये अशा बेतानं, आणि तेवढा वेळ त्याच्या कपाळावरचा घामसुद्धा ओघळायचा थांबलाय असा भास होई.

साल सत्तरच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातलं. दुष्काळ नुकताच सरला होता, पण त्याची करडी धूळ माणसांच्या पापण्यांवर अजून बसलेली होती. भीमेवर धरणाची भिंत चढत होती. दर शनिवारी कचेरीत प्रगतीचा अहवाल जाई आणि भिंत दर शनिवारी कागदावर जराशी अधिक उंच होई. माझं काम भिंतीपासून दूर, नदीकाठच्या गावांतून पाण्याची रेघ आखत जाण्याचं. रेघेच्या आत जे घर येईल ते सरकारनं घ्यायचं, बाहेर राहील ते मालकाचं. मी बावीस वर्षांचा, डोक्यावर सोलापूरच्या बाजारातली नवी हॅट, खिशात पदविका, आणि पोहता म्हणून येत नव्हतं. ज्याला गुडघाभर पाण्यात दरदरून घाम फुटे, त्यानं पाणी कुठं थांबणार ते गावोगाव सांगत हिंडायचं, हा विनोद तेव्हा फक्त तात्याच्या बायकोच्या, भागाकाकूंच्या लक्षात आला होता.

"सायेब, पानी तुमचं ऐकतं व्हय?" पहिल्याच दिवशी चहाची कपबशी पुढे करत त्यांनी विचारलं होतं. "आमचं तर शेरडूबी ऐकत न्हाय."

मी हसलो नाही. साहेबानं हसायचं नसतं अशी माझी समजूत होती. तात्या पन्नाशी ओलांडलेला, माझ्या वडिलांपेक्षा वयानं मोठा, आणि मी त्याला भर चावडीसमोर "ए सिद्राम, पट्टी इकडं आण" असं म्हणत असे.

तात्याचं घर गावाच्या वरच्या आळीतलं शेवटचं. त्याच्यापुढं टेकाड सुरू व्हायचं. धाब्याचं, पांढऱ्या मातीचं, पूर्वेला तोंड केलेलं ठेंगणं घर. आत शिरलं की डोळ्यांना प्रथम काही दिसत नसे, आणि मग हळूहळू एक उजेडाची पट्टी दिसू लागे. दारातून येणारं ऊन समोरच्या भिंतीवरून दुपारपर्यंत उतरत जाई, आणि त्या भिंतीवर तात्याच्या आज्यापासून कुणी कुणी विळ्यानं खुणा कोरून ठेवल्या होत्या. ही धारेची, ही न्याहारीची, ही बैलं सोडायची. श्रावणातल्या खुणा वेगळ्या, माघातल्या वेगळ्या. त्या घरात घड्याळ नव्हतं, कारण घरच घड्याळ होतं. तात्या बोटानं त्या खुणा मला दाखवत होता तेव्हा त्याच्या आवाजात, आपल्या कुळातल्या कर्त्या माणसांची ओळख करून द्यावी, तसं आर्जव होतं. मी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. मला टेंभुर्णीहून शेवटची एस.टी. गाठायची होती, सोलापुरात नवा सिनेमा लागला होता.

घडलं ते त्याच दुपारी. उंची मोजत पुढं जायचं तर मधे एक भक्कम दगड धरावा लागतो. त्यावर पट्टी ठेवून एकदा वाचायचं, मग दुर्बीण उचलून पुढं न्यायची आणि त्याच दगडावरची पट्टी मागं वळून पुन्हा वाचायची. दगड तोच, पट्टीची जागा तीच, केसाचा फरक चालत नाही. मी निवडला तो यमाईच्या देवळाच्या पायरीचा दगड. पहिलं वाचन झालं. मी दुर्बीण खांद्यावर टाकून वर तात्याच्या घराकडं निघालो. इकडं तात्यानं पट्टी उचलून पाहिली, तर तिच्या लोखंडी टाचेचा पांढरा ओरखडा पायरीवर उमटलेला. ज्या पायरीला बाया शुक्रवारी हळदीकुंकू वाहतात, तिथं लोखंड टेकवलं याचं त्याला मनस्वी वाईट वाटलं असावं. तो शेजारच्या घरात गेला, जेवायला बसायचा एक लाकडी पाट मागून आणला, पायरीवर ठेवला, आणि त्यावर पट्टी उभी केली, पाहुण्याला बसवावं तशी.

त्यानं लपवलं नाही. त्यानं खालून ओरडून सांगितलं, "सायेब, पाट टाकलाय बरं का खाली!"

आणि मी, एक डोळा मिटून, दुर्बिणीला नाक लावून, ओरडलो, "बडबड नको! पट्टी सरळ धर!"

त्यानं पट्टी सरळ धरली. इतकी सरळ, इतकी निष्ठेनं, की तसं वाचन मला पुन्हा आयुष्यात मिळालं नाही. पाटाच्या उंचीनं पट्टी चार बोटं वर गेली होती, आणि तेवढीच, कागदावर, त्यापुढची जमीन खाली गेली. त्यापुढं होतं एकच घर.

अशी चूक सापडावी म्हणून आमच्या धंद्यात एक सोय असते. निघालात तिथपर्यंत तसंच मोजत परत यायचं, आकडे जुळले तर काम खरं. मी परत मोजत आलोच नाही. एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून, मांडीवर वही ठेवून, परतीचे सगळे आकडे मी जुळतील असे रचले. रस्त्याच्या खड्ड्यांनी अक्षर असं थरथरलं की ते भर उन्हात उभ्यानं लिहिल्यासारखं दिसू लागलं, आणि सोमवारी वरिष्ठांनी वहीवर शेरा मारला, 'काम काळजीपूर्वक केले आहे.' सिनेमा भिकार निघाला. हे मी मित्रांना पुष्कळदा हसत हसत सांगितलं आहे. सिनेमापर्यंतच सांगितलं आहे.

कागदावर तात्याचं जोतं रेघेच्या दोन बोटं खाली निघालं. रेघेचा चुना फासलेला दगड त्याच्या घराच्या मागं रोवला गेला. त्यानं वाद घातला नाही. "दोन बोटं म्हंजी बुडायला लई झालं की," एवढंच म्हणाला. मग पौषातल्या कोवळ्या उन्हात त्यानं स्वतःच्या हातानं घर उकललं. उकललं हाच शब्द. पाडलं म्हणवत नाही. प्रत्येक तुळईला, प्रत्येक खांबाला त्यानं चुन्याची बोटं ओढली, एक, दोन, तीन, म्हणजे टेकाडापलीकडच्या नव्या गावठाणात तीच तुळई त्याच खांबावर चढावी. सगळं लाकूड जसंच्या तसं पुन्हा उभं राहिलं. पण नव्या गावठाणात जागेचे तुकडे आमच्याच कचेरीनं आखलेले, सगळ्यांची तोंडं उत्तरेला. त्या घरात ऊन दारातून आत येईना. भिंत तर काही उचलून नेता आली नव्हती. नव्या भिंतीपुढं तात्या सकाळी उठून काही वेळ नुसता उभा राही, असं भागाकाकू सांगत. "भितीकडं बघून ईचारत्यात, किती वाजलं. म्या म्हनते, आता भित मुकी हाय, कोंबड्याला ईचारा."

चार-पाच वर्षांनी धरणात पाणी अडलं. भीमा आपला जुना, बारीक आवाज विसरली आणि एक प्रचंड, निःशब्द, आरशासारखी शांतता गावांवर पसरत गेली. आणि ज्यांनी या पाण्यासाठी घरं दिली ते उंचावरच्या गावठाणात दोन दोन कोस घागरी वाहत होते. त्यांच्यासाठी नळाची योजना मंजूर झाली, आणि पाणी किती उंच चढवायचं ते मोजायला कचेरीनं पाठवला तो मीच. हॅट जुनी झाली होती. पट्टी धरायला तात्याच आला. त्याच्या झुलवण्यातली लय तीच, फक्त आता झुलताना गुडघे वाजत.

या खेपेला मी टेकडीवरच्या सरकारी खुणेपासून नीट मोजत उतरलो, आणि परतही मोजत गेलो. वाटेत तात्याचं जुनं जोतं लागलं. पाणी वर्षातलं सर्वांत जास्त चढलेलं होतं. देवळाची पायरी बुडाली होती, खालच्या आळीच्या भिंती बुडाल्या होत्या, आणि तात्याचं जोतं कोरडं होतं. त्याच्या दगडांवर सरडे ऊन खात होते. मी आकडा मांडला, खोडला, पुन्हा मांडला. जोतं रेघेच्या वर होतं. दोन बोटं वर. वरखालच्या फरकाची बोटं चार, आणि चार बोटं म्हणताच माझ्या कानात एक हाक घुमली.

"तात्या," मी त्याला प्रथमच असं म्हणालो, "त्या वर्षी पायरीवर पट्टीखाली काही ठेवलं होतं का?"

"पाट ठेवला व्हता की. देवीच्या पायरीवर लोखंड कसं टेकवावं?"

मी सांगितलं. पाटामुळं पट्टी वर गेली, हिशेबात घर खाली गेलं, एरवी ते रेघेबाहेर होतं. तात्यानं पाण्याकडं पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर, उन्हाळ्यात कोरड्या विहिरीच्या तळाशी ओल दिसावी, तसं हसू आलं.

"म्हंजी माज्याच पाटानं मला जेवत्या पानावरनं उठवलं म्हना की."

इथं मी बोलायला हवं होतं. तू सांगितलं होतंस, मी गप्प केलं. परत मोजायला हवं होतं, मी सिनेमाला गेलो. एवढी दोनच वाक्यं. त्यानं खालून हाक मारली होती हे तो विसरला होता, की गिळून बसला होता, हे मला कधीच कळलं नाही. मी म्हणालो तेही कसं, अर्धंच, सरकारी.

"कागद लिहितो, तात्या. वर कळवतो, मोजणीत चूक झाली म्हणून."

"मग घर माघारी मिळंल?"

"सांगता येत नाही. चौकशी होईल."

"आन् तुमची नोकरी?"

मी वही मिटून काखेत मारली. माझ्या आयुष्यातलं सर्वांत सफाईदार उत्तर ते.

"मग ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाला. "चूक माज्या हातची. तुमी कशापायी मराया?"

मी राहू दिलं. त्याचा मोठेपणा मी पावतीसारखा घडी करून खिशात घातला आणि कागद लिहिला नाही. पुढच्या वर्षी नव्या गावठाणात नळाला पाणी आलं तेव्हा गावानं माझ्या गळ्यात हार घातला. घालायला तात्याला पुढं केलं होतं. झेंडू ओला होता, आणि भागाकाकू मागून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "बगा, ऐकलं बाई पानी सायबांचं!" सगळे हसले. मीही हसलो, साहेबानं हसायचं असतं हे तोवर मी शिकलो होतो. हार मानेवर असा टोचत होता की जणू तो सुतळीत नव्हे, काट्यांत ओवला होता.

तात्या गेल्याचं मला उशिरा कळलं. तो स्वतःच्याच पाटाला दोष देत गेला असेल. त्याच्या नातवंडांना आजही तेच सांगितलं जात असेल, आजोबांच्या भाबडेपणाची एक गमतीची गोष्ट म्हणून. ज्या माणसानं लोखंडाचा ओरखडासुद्धा दगडाला सोसू दिला नाही, त्याच्या नावावर माझा ओरखडा कायमचा राहिला.

भाद्रपदात धरण भरल्याची बातमी येते आणि सोलापुरात माणसं एकमेकांना ती पेढ्यासारखी वाटतात. मीही आनंद दाखवतो. पण डोळ्यांपुढं येतं ते ओळखीच्या उंचीपर्यंत चढत आलेलं, त्या जोत्याच्या अलीकडं येऊन मुकाट थांबलेलं पाणी. बुडालेल्या गोष्टींवर काळ हळूहळू गाळ पसरतो आणि माणसाला विसरायची मुभा देतो. जे बुडणार नसताना विनाकारण सोडायला लावलं आणि कोरडंच राहिलं, त्यावर मात्र तो गाळ कधीच चढत नाही.