नलंगूची फाइल

आमच्या ह्यांना काही फुकट मिळालं की सोडवत नाही. लेकीचं लग्न चार दिवसांवर आलेलं, साखरपुडा होऊन तीन महिने झालेले, लग्नपत्रिका छापून वाटून झालेल्या, आणि हे बसले लॅपटॉपवर पुन्हा जातक जुळवायला! इंटरनेटवर कुठलासा फुकट जोतिषी सापडला म्हणे. त्याचा प्रोग्राम उतरवून घेतला. दहाच्या दहा पोरुत्तम, म्हणजे आमच्याकडचे गुण, जुळल्याचं त्यानं दाखवलं, घंटा वाजवली, आणि मग पडद्यावर एकामागून एक जाहिराती उगवायला लागल्या. मी धावत आले तोवर माझ्या सगळ्या फाइली गडप.

"गोदा, व्हायरस आला वाटतं," हे म्हणाले. जसा काही चेन्नईचा पाहुणाच आला.

"आला नाही! तुम्ही बोलावून आणलात!"

त्यातली एकच फाइल मला हवी होती. नलंगूची. आमच्याकडे लग्नाच्या संध्याकाळी नवरा-नवरीला समोरासमोर बसवून नारळ लोळवायला लावतात, एकमेकांच्या डोक्यावर पापड फोडायला लावतात, आणि दोन्हीकडच्या बायका गाण्यांतून एकमेकींची यथेच्छ उणीदुणी काढतात. तो नलंगू. माझ्या सासूबाईंच्या वहीत अशी त्रेसष्ट गाणी होती. आम्ही पिढ्यान् पिढ्या कुंभकोणात राहून घरात मराठी बोलतो, पण शाळा सगळ्यांची तमिळ. देवनागरी वाचतंय कोण? म्हणून सासूबाईंनी ती मराठी गाणी तमिळ अक्षरांत लिहिली होती, आणि मीही तशीच टाइप केली, एका बोटानं, दोन वर्षं.

आणि वही? वाळवी लागली होती हो तिला. भोगीला जुनंपानं जाळतात, तेव्हा मीच ती आगीत टाकली. म्हटलं, आता कॉम्प्युटरात आहे की. फाइली गेल्या त्या रात्री मला झोप लागली नाही हे कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगते. गाणी गेली असती तर दोष व्हायरसचा नव्हता, माझा होता.

त्या त्रेसष्ट गाण्यांखाली एक माझं होतं, चौसष्टावं. आमच्या होणाऱ्या विहीणबाईंवर रचलेलं. धनलक्ष्मी नाव त्यांचं, राहणार चेन्नईच्या. घराणं आमच्यासारखंच मराठी, पण पहिल्या भेटीपासून तोंडातून तमिळ आणि इंग्रजीशिवाय शब्द नाही. साखरपुड्याला म्हणाल्या, "नलंगूत कशाला वेळ घालवायचा? डीजे ठेवू." डीजे! मी हसून मान हलवली आणि घरी येऊन रागारागानं गाणं टाइप केलं. पलीकडून उत्तर देणारं कुणी नाही हे मला ठाऊक होतं, आणि नलंगूचं गाणं उत्तराशिवाय म्हणजे एका हातानं फुगडी. तरी मी गाणार होते. नाही गायलं तर ते माझ्याबरोबरच संपलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामलिंग आला. चाळिशीचा गडी, बाप-आजा स्वामीमलैला पंचधातूच्या मूर्ती ओतायचे, हा लॅपटॉप दुरुस्त करतो. काम चोख, मराठीचा गंध नाही, आणि आवाज असा की बोलायला लागला की शेजारचे खिडक्या उघडतात. त्यानं आधी इंटरनेट तोडलं, जोतिष्याला हाकललं, पेनड्राइव्ह लावून काय काय तपासलं. मी पिळ्ळैयाराला, म्हणजे गणपतीला, नारळ बोलले.

तेवढ्यात दारात मोटार थांबली आणि विहीणबाई उतरल्या. हारांचे नमुने बघायला. यायचा मुहूर्त तरी बघा! दर वेळेसारखं गल्लीतल्या वासाला नाक मुरडलं, उकाड्याला मुरडलं, कॉफीत चिकोरी जास्त म्हणाल्या, आणि एकेक करत तीन पेले संपवले. चौथा हातात होता तेव्हा रामलिंग ओरडला, "मामी! फाइली गेल्या नाहीत! व्हायरसनं नुसत्या लपवल्या होत्या!"

मला त्याच्या पायाच पडावंसं वाटलं. त्यानं नलंगूची फाइल उघडली आणि त्याचा चेहराच पडला.

"अय्यो. हिची वाट लागलीय मामी. अक्षरं तमिळ आहेत, पण एक शब्द धड नाही. व्हायरसनं सगळा खिमा केलाय. पुढचं पान बघतो... तेही. सगळं पुसून नव्यानं करावं लागेल."

"हात लावू नकोस!" मी किंचाळले. "ती तशीच आहे! बरोबर आहे!"

"बरोबर? मामी, तुम्हाला दुःख झालंय, मला समजतं. पण हे ऐका तरी." आणि तो शेवटच्या पानावर जाऊन, आकाशवाणीवर बातम्या देतात तसा, एकेक अक्षर स्पष्ट करून वाचायला लागला:

"आली विहीण आली, मोटारीतून उतरली,
नाकाला पदर लावी, म्हणे घाण गल्ली.
कॉफीला नांव ठेवी, चार पेले पिई,
पांचवा मागायाला लाज तिला नाही."

"बघा!" रामलिंग म्हणाला. "याला काही अर्थ आहे?"

हे उठून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. माझी लेक सौम्या स्वयंपाकघराच्या दारात ओढणी तोंडात कोंबून उभी. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तीन दिवसांवर लग्न, आणि मी विहिणीला तिच्या तोंडावर निर्लज्ज म्हटलेलं, तेही भाड्यानं माणूस आणून!

विहीणबाईंनी पेला खाली ठेवला. पदर सावरला. आणि त्यांनी गायला सुरुवात केली, त्याच चालीत, माझ्याहून जुन्या मराठीत:

"आलें ग विहिणी, तुझ्या दारी आलें,
चार पेले कॉफी, बिनसाखरेची प्यालें.
साखर गेली कोठें? पुसूं तुला कशी?
सगळी घातलीस लेकीत, ती येते आम्हांपाशी."

सौम्याच्या तोंडातून ओढणी सुटली. मला काहीतरी तिखट उत्तर द्यायचं होतं, नलंगूत गप्प बसणं म्हणजे हार. पण मी नुसती सौम्याकडे बघत राहिले. तीन दिवसांनी माझी पोर खरंच जाणार होती, आणि हे मला तोवर कुणी इतकं सरळ सांगितलंच नव्हतं.

"तुम्हाला येतं?" शेवटी मी विचारलं.

"माझी आजी गायची. चाल तिची, शब्द आत्ता जुळवले," विहीणबाई मराठीत म्हणाल्या. "पहिल्या भेटीत तुम्हीच तमिळमध्ये सुरुवात केलीत. म्हटलं, यांच्या घरात आता मराठी राहिली नसेल."

खरंच की! मोठ्या शहरातले लोक म्हणून मीच पहिल्या दिवशी ठेवणीतलं तमिळ काढलं होतं. मेली माझी हौस.

"मग डीजे कशाला?"

"आमच्या बाजूनं गाणारी मी एकटी आहे हो. सगळ्या गेल्या. तुमच्या दहाजणी समोर, मी एकटी काय तोंड देणार? डीजे लावला की कुणाला कळत नाही."

"अर्ध्या पुतण्या तुमच्याकडे देते," मी म्हणाले. "त्यांना माझ्यावर राग काढायचाच आहे."

"आणि हा माणूसही द्या." त्यांनी रामलिंगकडे बोट दाखवलं. "काय सुरेख वाचतो!"

रामलिंगला यातलं अक्षर कळलं नव्हतं. तो बिचारा बोट वर धरून बसलेला. "मग मामी, पुसू की ठेवू?"

"ठेव! आणि तीन ठिकाणी ठेव!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

लग्नाच्या संध्याकाळी तो खरोखरच वरपक्षात बसला, नवीन वेष्टी नेसून, आणि हातातला कागद वाचून त्यानं मला, माझ्या कॉफीला आणि माझ्या नवऱ्याच्या फुकट जोतिष्याला मांडव दणाणेल अशा आवाजात शिव्या घातल्या.

पण ते नंतर. त्या सकाळी मी आत गेले आणि पाचवा पेला करून आणला, त्यांनी मागायच्या आधी. मग खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसले, एक बोट वर केलं आणि म्हणाले, "विहीणबाई, सांगा परत. पासष्टावं. सावकाश सांगा, साखरेच्या ओळीला मला जरा वेळ लागेल."