दर्वीशबाबांचा डावा घास

हाजी मित्वल्लींच्या कोशरीच्या, म्हणजे मसूर-भातावर टोमॅटोचा रस्सा घालून विकायच्या, दुकानांसाठी अ‍ॅपचा नमुना करायचा होता. घरबसल्या कोशरी मागवायची, एवढंच काम, पण रबाबचा सगळा जीव त्यात अडकला होता. हे हातचं गेलं, तर कचेरीचे मालक उस्ताद वगीह तिला पुन्हा धुण्याच्या पावडरच्या जाहिरातीतले बुडबुडे काढायला बसवणार होते. ते तिने इतके काढले होते, की स्वप्नातही फेस यायचा.

अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात. म्हणून अ‍ॅपचे पडदे पहिल्यापासून तसेच रचायचे, असं वगीहनी तिला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. रबाबने भक्तिभावाने मान डोलावली, तयार तुकडे घेऊन सगळं इंग्रजी पद्धतीने रचलं, आणि शेवटी अख्खा नमुना निवडून आरशातल्यासारखा फिरवून टाकला. अक्षरं तेवढी नीट बसवली. बाण फिरले, बटणं फिरली, याद्या फिरल्या. देवाला जग करायला सहा दिवस लागले. रबाबला एक बटण पुरलं.

हाजी आले ते म्हाताऱ्या आईला, हाजिणबाई इन्शिराहना, घेऊनच. चहा झाला. रबाबने फोन पुढे केला. पहिल्याच पडद्यावर दुकानाचे संस्थापक, हाजींचे मरहूम वडील दर्वीशबाबा. रबाबने जुन्या पाटीवरून एकेक रेघ ओढून काढलेले. टोपी, झुपकेदार मिशी, पुढ्यात वाडगा. चित्रावर बोट टेकवलं, की बाबा एक चमचा खायचे.

हाजींनी बोट टेकवलं. बाबांनी चमचा खाल्ला. हाजींचा चेहरा टोमॅटोच्या रश्शासारखा झाला.

"हे कोण?"

"तुमचे वडील, हाजी. अल्ला त्यांना जन्नत देवो."

"माझे वडील डाव्या हाताने जेवतायत?"

अख्ख्या नमुन्याबरोबर बाबाही फिरले होते.

"फिरवलंस ना?" वगीह दातओठ खात कुजबुजले.

"साऱ्या गल्लीला ज्यांनी उजव्या हाताने जेवायला शिकवलं," हाजी ताडकन उठले, "त्यांना तुम्ही डाव्या हाताने खाणाऱ्या सैतानाच्या पंगतीला बसवलंत! चल आई, ऊठ!"

"थांब रे. बघू." हाजिणबाईंनी फोन नाकाला लावला. एकदा टिचकी मारली, दुसऱ्यांदा मारली, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. सगळ्यांना वाटलं, रडतायत.

"पोरी, तुला हे सांगितलं कुणी?"

"काय, हाजिणबाई?"

"अगं, डावराच होता तो! दुकानात उजवा, घराचं दार लावलं की डावा. उजव्या हाताने खाल्लं की निम्मी मसूर मिशीत! लग्नाआधी आईला म्हटलं होतं मी, मुलगा चांगला आहे, पण तोंड धूत नाही."

"आई! बाहेरची माणसं बसलीयत."

"म्हणून तर सांगतेय. घरात कोण ऐकतं माझं?"

हाजी हळूच खाली बसले. "मग मला का मारायचे? डाव्या हातात चमचा दिसला, की बोटांवर पळी."

"तुझ्यावरून त्याचं उघडं पडलं असतं ना. भित्रा होता रे. सोन्यासारखा माणूस, पण भित्रा."

हाजींनी स्वतःच्या डाव्या हाताची बोटं चोळली. मग म्हणाले, "काम हिलाच द्या. पण लोकांपुढे उजवा हात. बाबांनी जन्मभर झाकलं, ते मी चव्हाट्यावर आणणार नाही."

"आणि बाकीचं सगळं पहिल्यापासून रच," वगीह म्हणाले. "फिरवायचं नाही."

"नाही फिरवणार," रबाब म्हणाली. या वेळी खरंच.

हाजिणबाई मात्र फोन सोडेनात. शेवटी रबाबने तो चुकीचा नमुना त्यांच्या फोनवर घालून दिला. पुरुषमंडळी दाराशी कराराचं बोलत होती, आणि म्हातारी कोपऱ्यात टिचक्या मारत बसली होती. नमुन्यातला वाडगा काही रिकामा होत नव्हता.

"खा," ती हळूच म्हणत होती. "पोटभर खा. आता कोण बघतंय?"