वरच्या ओठावर

"डोकं जड? दोन थेंब! नाक बंद? दोन थेंब! पाय शिणले, मन विटलं, बायकोनं बोलणं टाकलं, दोन थेंब, दोन थेंब, वर माझी बोटं फुकट!"

स्वयंपाकघरातल्या फळीवरून पेपरमिंट तेलाची बाटली उतरवताना तिला तो आवाज हटकून ऐकू यायचा. भावाच्या सलूनमधला, ऐन भरातला. गिऱ्हाइकाच्या टाळूवर ठेका धरून तो हे गायचा, आणि केस वाढले नसले तरी माणसं येऊन खुर्चीत बसायची. घरीही त्याचं हेच. पोट बिघडलं की खिडकीतल्या डब्यातली पेपरमिंटची पानं उकळून द्यायचा. कपाटामागे तेलाचे बोळे ठेवून म्हणायचा, "उंदरांना सांगितलंय, शेजारी जागा बघा."

आता पलीकडच्या खोलीतून नुसता खोकला ऐकू आला.

तिनं बोटाचं टोक तेलात भिजवलं आणि वरच्या ओठावर, नाकाखाली फिरवलं. डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पुसून तिनं ड्रेसिंगचा ट्रे उचलला.

"आलीस का, ठमे?"

"आले. पाय उशीवर घे, दादा."

"आजही डोकं दुखतंय वाटतं. वास आला."

"हं. थोडं."

"रोज रोज दुखायला डोक्यात काहीतरी असावं लागतं गं. लहानपणी तर काही नव्हतं."

"तुझ्याच घरातलं डोकं. दुसरं काय असणार त्यात!"

तो हसला. हसता हसता त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं, पट्टी सोडताना वळवायचा तसंच.

पट्टीचा शेवटचा वेढा निघाला. साखरेच्या आजारानं चिघळलेली ती जखम टाचेवरून घोट्याकडे सरकत होती. पेपरमिंटच्या गारव्याखालून तो वास आलाच. बंद पेटीत विसरून राहिलेल्या फळांसारखा, आधी गोडसर, मग थेट घशात उतरणारा. ती तोंडानं श्वास घेत राहिली. हात मात्र जखम पुसत राहिले.

तेलाची युक्ती दवाखान्यातून अधूनमधून ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरची. "आम्हीसुद्धा मास्कच्या आत लावतो, ताई. त्यात लाजायचं काय?" अंगणात उभ्या उभ्या तिनं सांगितलं होतं. "आणि त्यांना कळायचं नाही. आपला वास आपल्याला येत नाही. नाक सरावतं."

त्या एका वाक्यावर तिनं आजवरचे दिवस काढले होते. दादाला कळत नाही. अंगाला पावडर लावल्याशिवाय, इस्त्रीचा सदरा घातल्याशिवाय जो माणूस सलूनचं दार उघडत नसे, त्याला हे कळलं तर तो औषध घ्यायचंही सोडेल, एवढं ती त्याला ओळखून होती. जगाला काय वाटायचं ते वाटो, त्याला कळता कामा नये.

जगाला वाटत होतंच. रोज बुद्धिबळाचा डाव मांडणारा दादाचा घड्याळवाला मित्र आता खिडकीतूनच विचारपूस करायचा, तीही रुमाल नाकाशी धरून. "सर्दी झालीय रे, तुला लागायची." ती सर्दी काही हटत नव्हती. कपडे शिवायला टाकणाऱ्या बायका मापंसुद्धा फाटकाशी द्यायच्या.

आणि ती स्वतः? शिवणाचं मशीन तिनं मागच्या पडवीत नेलं होतं, उजेड बरा म्हणून. रात्री तिथंच अंथरूण, वारा लागतो म्हणून. जेवणाचं ताट स्वयंपाकघरात, भांडी आवरायची म्हणून. एकेक निमित्त म्हणजे एकेक टाका. असे टाके घालत घालत तिनं दोघांच्या मधोमध पडदाच शिवून टाकला होता. दादाची बायको जाऊन किती काळ लोटला होता, हिचं तर लग्नच झालं नव्हतं. घरात माणसं दोन आणि जेवणारे एकेकटे. भिंतीपलीकडे त्याचा चमचा वाजला की ती घास घ्यायची, चमचा थांबला की तिचाही हात थांबायचा. आताशा तो फार लवकर थांबे.

नवी पट्टी बांधून ती बाहेर आली. हात धुतले आणि ओल्या हातांनीच फळीवर ठेवायला बाटली उचलली. कालच आणलेली, गळ्यापर्यंत भरलेली. बोटांतून ती सुळकन निसटली आणि फरशीवर फुटली.

गार वासाचा लोंढा उठला. डोळे चुरचुरले, नाक मोकळं झालं, भिंतीसुद्धा नुकत्या धुतल्यासारख्या वाटल्या. ती मात्र काचांकडेच बघत राहिली. दुकानात ही शेवटचीच बाटली होती. उद्या पट्टी सोडताना नाकाखाली काही नसेल. उद्या तोंड कुठं लपवायचं?

"ठमे! काय फुटलं गं?"

"काही नाही. तेलाची बाटली."

"पेपरमिंटची?"

"हो. थांब, पुसून घेते, नाहीतर तुला ठसका लागेल."

"पुसू नकोस."

ओलं फडकं हातात तसंच राहिलं. ती त्याच्या दाराशी आली. दादा कोपरांवर रेलून अर्धा उठला होता. मान वर, डोळे मिटलेले, नाकपुड्या फुललेल्या. बऱ्याच वेळानं त्यानं श्वास सोडला.

"दार सताड उघड. आणि माझं ताट आण." मग जरा थांबून, "तुझंही आण."

तिनं काचा तेवढ्या कडेला केल्या, दोन्ही ताटं आणली आणि स्टुलावर बसली. मऊ भात, उकडलेले बटाटे. दादा जेवत होता. भुकेल्या माणसासारखा. ताट रिकामं झालं तेव्हा त्यानं चमच्यानं कडाही निपटून घेतल्या.

"सिस्टरही लावते ना? मास्कच्या आत?"

तिचा घास तोंडाशीच थबकला.

"तुला... कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? जन्मभर लोकांच्या डोक्यांशी नाक लावून काम केलं मी."

"दादा, माझं डोकं खरंच अधूनमधून—"

"दुखतं. दुखू दे. बरं केलंस तसं म्हणालीस. मलाही सोपं गेलं."

तिनं ताट मांडीवरून खाली ठेवलं. दादा चादरीची घडी बोटांनी नीट करत होता, गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवतीचं फडकं सारखं करावं तशी. पुन्हा पुन्हा, तीच घडी.

"मलाही येतो गं तो," तो हळूच म्हणाला. "नाक सरावत नाही. डोळे उघडले की पहिला तोच. तू निदान उठून पडवीत जातेस."

तिनं हात पुढे केला आणि चादरीवरची त्याची बोटं धरली.

"नवी बाटली आणलीस ना, ठमे," दादा म्हणाला, "की आधी मला लाव."