ओला लंगोट

मी भिवंडीच्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. त्यामुळे घरात मला कुणी काही शिकवायला येऊ नये, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. २००६च्या मे महिन्यात गणेशपुरीजवळच्या एका पाड्यावर ती समजूत उतरली. जिने ती उतरवली, तिने शाळेची पायरीसुद्धा चढलेली नव्हती.

माझा भाविक तेव्हा आठ महिन्यांचा होता. तोंडातून लाळेची धार, हाताला लागेल ते तोंडात आणि दिवसभर किरकिर. काल्हेरला आमच्या आळीत प्रत्येकाकडे दातांवरचा एक इलाज तयार होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, टाकणखाराची लाही मधातून हिरड्यांना चोळ. कुणी म्हणालं, पायात तांब्याची तार घाल. समोरच्या गोदामाचा वॉचमन गोरखपूरचा, तो हिंदीतून लसणाची माळ सुचवून गेला. मी सगळ्यांना मनातून हसले आणि होमिओपॅथीच्या दुकानातून दातांच्या गोड गोळ्यांची बाटली आणली. त्या गोळ्यांनी नेमकं काय होतं हे मलाही ठाऊक नव्हतं, पण बाटलीवर छापील लेबल होतं. छापील अक्षराला भुलणं हा मास्तरकीचा जुना रोग आहे.

माझ्या सासूबाई, कमळ त्यांचं नाव, बाटली उलटीसुलटी करून बघून गेल्या. दोन दिवसांनी त्यांनी विषय काढला. गणेशपुरीच्या पुढे डोंगराखाली एक पाडा आहे, तिथे धोंडूबाई दातांची माळ देते. ओढ्याकाठच्या गवताला टणक पांढरं बी येतं, अगदी दातासारखं, त्याची ती माळ. देवेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, लहानपणी तीच आणली होती आणि त्याचे दात बघ कसे आहेत, असं त्या म्हणाल्या. देवेशचे दोन दात किडलेले आहेत.

"तुझ्या गोळ्या चालतात घरात, मंग माझी माळ का न्हाय गो?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या माळेइतकाच माझ्या गोळ्यांचाही पुरावा होता, म्हणजे काहीच नव्हता. मी हो म्हटलं. शाळेला सुट्टी होती आणि देवेश दापोड्याच्या गोदामात ड्युटीवर असायचा, तेव्हा आम्ही दोघींनीच बाळाला घेऊन जायचं ठरलं.

जायच्या आधी सासूबाईंनी धोंडूबाईचा नियम सांगितला. माळ मागायला येणाऱ्या आईने त्याच दिवशी पोराने ओला केलेला लंगोट सोबत आणायचा. आदल्या दिवशीचा चालत नाही, दुसऱ्या पोराचा चालत नाही. लंगोट ओला नसेल तर ती माळेला हात लावत नाही. का, म्हणून मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या की पाण्याची देवी असते तिची, तिला ओलं लागतं. मी मान डोलावली आणि हा किस्सा जूनमध्ये वर्गात अंधश्रद्धेच्या धड्याला सांगायचा, असं मनाशी ठरवून टाकलं.

जायचा दिवस उजाडायच्या आत भाविकला जुलाब सुरू झाले. पहिल्या दिवशी सहा-सात, दुसऱ्या दिवशी मोजायचे सोडून दिले. आळीतल्या एकूण एक बाईने सांगितलं की दाताचे जुलाब आहेत, होतातच, दात वर आला की थांबतात. आणि लाज वाटते सांगायला, पण हे मीही मानत होते. माळेला हसणारी, तारेला हसणारी मी, दात येताना जुलाब व्हायचेच हे मात्र डोळे मिटून धरून बसले होते. ते माझ्या आईने मला सांगितलं होतं आणि ते मला कधी अंधश्रद्धा वाटलंच नव्हतं. मी गोळ्या दोनाच्या चार केल्या. जुलाबात दूध नको, असं काकूंनी सांगितलं म्हणून अंगावर पाजणंही कमी केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जुलाब थांबल्यासारखे झाले. रात्री बांधलेला लंगोट सकाळी कोरडा निघाला. भाविक रडतही नव्हता, खांद्यावर मान टाकून शांत पडून होता. दोरीवर वाळत घालायला एकच दुपटं होतं, तेव्हा मला हायसं वाटलं. मी सासूबाईंना बाटली दाखवून म्हटलं, बघा, गोळ्यांनी गुण दिला. त्या म्हणाल्या, दिला तर दिला, पण ठरलंय तर माळेला जायचंच.

भिवंडी स्टँडवरून एसटी धरली. मे महिन्याचं ऊन, खिडकीचा पत्रा तापलेला. सासूबाई दर दहा मिनिटांनी लंगोटाला हात लावून बघत होत्या. कोरडा. गणेशपुरीला उतरलो तरी कोरडा. त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, आता जाऊन उपयोग न्हाय, ती माळ द्यायची न्हाय, इथंच सावलीला बसू थोडा वेळ.

मला उन्हाचा आणि सगळ्या प्रकाराचा वैताग आला होता. थांब्याजवळ नळ होता. मी भाविकचा लंगोट सोडला, नळाखाली धरला, पिळला आणि पिशवीत टाकला. त्याला दुसरा बांधला.

"झाला ओला," मी म्हटलं. "तुमच्या देवीला पाणीच हवंय ना?"

सासूबाई घाबरल्या, पण त्यांनी पाड्याची वाट धरली. त्यांना माळ हवी होती आणि मला घरी जायचं होतं.

धोंडूबाईचं घर कुडाचं, शेणाने सारवलेलं, आणि आत इतका गारवा की क्षणभर बरं वाटलं. ती साठीची असेल, काटकुळी, गुडघ्यापर्यंत लुगडं. माळा कुडाला टांगलेल्या होत्या. तिने माळांकडे पाहिलंही नाही. आधी हात धुतले, मग बोट भाविकच्या तोंडात घालून हिरडी चाचपली. मग हात पुढे केला आणि लंगोट मागितला.

मी पिशवीतून काढून दिला. तिने तो नाकाशी धरला. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वास घेतला.

"हे नळाचं पाणी हाय," ती म्हणाली.

ती रागावली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती रागावली नाही. तिने विचारलं की पोर मुतलं कधी. मी आठवायला लागले. रात्री? नाही. काल संध्याकाळी? मला सांगता येईना.

तिने भाविकच्या पोटाची कातडी दोन बोटांत धरून सोडली. ती झटकन बसली नाही, सुरकुतीसारखी तशीच राहिली. तिने माझा हात धरून त्याच्या टाळूवर ठेवला. तिथे खळगा पडला होता. रोज तेल घालणारी मी, आणि तो खळगा मला दिसला नव्हता. मी जीवशास्त्राचा धडा शिकवते. शरीरातल्या पाण्याचं प्रमाण फळ्यावर लिहून देते, मुलांकडून पाठ करून घेते.

सासूबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या की माळ तरी दे, एवढ्या लांबून आलोय.

"माळ न्हाय," धोंडूबाई म्हणाली. "दात अजून महिनाभर न्हाय याला. हे दाताचं न्हाय. पोर सुकलंय. उठा."

चुलीवर पेज होतीच. तिने वरचं पाणी वाटीत घेऊन गार केलं, मीठ टाकलं, चव घेऊन पाहिली, आणि चमचा माझ्या हातात दिला. चालता चालता थोडं थोडं पाज, एकदम नको, असं सांगून ती स्वतः पुढे निघाली. पायात चप्पल नाही, डांबर तापलेलं. रस्त्यावर तिने एक जीप हात दाखवून थांबवली आणि आतल्या दोघांना उतरवून आम्हाला बसवलं. त्या दोघांनी कुरकुर केली नाही. त्यांनाही लहानपणी तिनेच पाहिलं असावं.

सरकारी दवाखान्याबाहेर रांग होती. धोंडूबाई रांगेकडे न बघता सरळ आत गेली आणि डॉक्टर भाविकला बघायला बाहेर आले. तरुण होते, लातूरकडचे. त्यांनी शीर शोधून सलाईन लावलं. सुई टोचली तेव्हासुद्धा भाविक नीट रडला नाही, आणि ते पाहून मी तिथेच खाली बसले. नंतर डॉक्टर मला म्हणाले की संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं. दाताने लाळ गळते, किरकिर होते, पण असे जुलाब दाताने होत नाहीत, पोर हाताला येईल ते तोंडात घालतं त्याने होतात. अंगावरचं दूध तर कधीच तोडायचं नव्हतं. आणि म्हणाले, "धोंडूबाई स्वतः पोर घेऊन आली की मी आधी सुई हातात घेतो, विचारतो मागून."

दुपार कलता कलता भाविकने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. इतकं सुंदर रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. सासूबाईंनी कडाकडा बोटं मोडून त्याची दृष्ट काढली.

धोंडूबाई तोवर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसून होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. माफी कशी मागावी ते कळेना, म्हणून विचारलं की ओल्या लंगोटाची ही रीत तुम्हाला कुणी शिकवली.

पायाला चिकटलेलं डांबर नखाने काढत ती सांगायला लागली. तिची पहिली मुलगी, बायडी. दात येत होते. जुलाब लागले, सगळे म्हणाले दाताचे. तिसऱ्या दिवशी पोरगी शांत झाली.

"त्या दिशी मी एकच लंगोट धुतला," ती म्हणाली. "मना बरं वाटलं बाई. काम कमी झालं वाटलं."

मला सकाळची दोरी आठवली, तिच्यावरचं एकटं दुपटं आठवलं. मी तिचा हात धरला आणि रडले. ती रडली नाही. तिचं रडून कधीच संपलं होतं.

थोड्या वेळाने मी विचारलं, मग माळ कशाला? माळेने दात येतात का खरंच?

"दात आपले येतात," ती म्हणाली. "माळेनं न्हाय का कशानं न्हाय. पर पोर बघायचं हाय, मना दाखवा, असं सांगितलं तर कोण येल माझ्याकडं? माळ हाय म्हणून येतात."

तिने सांगितलं की एका उन्हाळ्यात ती अशी पाच-सहा पोरं माळ न देता परत पाठवते. पाठवते म्हणजे दवाखान्याच्या दारात नेऊन सोडते. देवीची गोष्ट तिने कधी कुणाला सांगितली नव्हती, ती लोकांनीच जोडली. तिने खोडली नाही, कारण देवीच्या नावाने बाया लंगोट न विसरता आणायच्या. बी कसलं, माळ कसली, हे सगळं त्या ओल्या चिंधीसाठी होतं. तीस वर्षं ही बाई डोंगराखाली बसून आमच्या भागातल्या पोरांवर पहारा देत होती, आणि मी तिला धड्यातला किस्सा करायला निघाले होते.

दोन दिवसांनी आम्ही भाविकला घरी आणलं. गोळ्यांची बाटली मी फेकली नाही, स्वयंपाकघरात फळीवर ठेवली. ती दिसली की माझं डोकं ताळ्यावर राहतं. सासूबाईंनी मला एका शब्दाने टोमणा मारला नाही, आणि त्यांच्याकडून हे म्हणजे फारच झालं.

जून लागायच्या आधी आम्ही पुन्हा गेलो. खरं तर आता माळेचं मला काही नव्हतं, पण रीत पुरी करायची होती. या वेळी मी तीन लंगोट नेले, तिन्ही भाविकने एसटीत ओले केलेले. धोंडूबाईने तिन्हींचा वास घेतला आणि पहिल्यांदा हसली. तिने भाविकला मांडीवर घेतलं, हिरडी चाचपली. खालच्या बाजूला पांढरी कड दिसत होती. तिने कुडावरची माळ काढून माझ्याकडे दिली आणि बजावलं की गळ्यात घालायची नाही, पोराच्या हाताला लागू द्यायची नाही, घरात उंच टांगायची.

एवढ्यात तिच्या मांडीवर भाविकने धार सोडली. लुगडं भिजलं. मी घाईने त्याला उचलायला वाकले, तर तिने हाताने मला अडवलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "होऊ दे पुरं."

आणि त्याचं होईपर्यंत ती तशीच बसून राहिली, हात त्याच्या टाळूवर ठेवून.