हावऱ्यात गेलेलं पाणी

मी डोंगर आहे, आणि माझ्या पोटात काय चाललंय ते मला धड माहीत नाही. तुम्हाला तरी तुमच्या पोटातलं कुठे माहीत असतं? दुखलं की कळतं, तेवढंच.

उत्तर इंग्लंडातल्या मेंढरांच्या मुलखात माझं ठाण आहे. माझा जन्म समुद्राच्या तळाशी झाला. शंखशिंपले मरून साचत गेले, त्यांचा चुनखडक झाला, तोच मी. पुढे समुद्र हटला, बर्फ आलं आणि माझे खांदे खरवडून गेलं. म्हणून तिथे पांढरे कातळ उघडे पडलेत. त्यांच्या भेगांत खोलवर नेचे वाढतात. मेंढीचं तोंड तिथवर पोचत नाही, हे नेच्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

माथ्यावर मात्र काळी, भिजट, दलदलीची माती आहे. तिच्यातून एक ओढा निघतो, चहासारखा तांबूस. तो खळखळत खाली येतो आणि चुनखडक लागला की एका भोकात उडी घेऊन नाहीसा होतो. भोक साठ फूट खोल. लोक त्याला हावऱ्या म्हणतात, कारण कितीही टाका, ते भरत नाही. पायथ्याशी माझे दोन झरे आहेत. एक दक्षिणेला, स्केलगार्थ गावाच्या दगडी कुंडात पडतो. दुसरा उत्तरेच्या दरीत. हावऱ्यातलं पाणी त्यातल्या कुठल्या झऱ्याला जातं, हा प्रश्न माणसांइतकाच मलाही होता.

माझ्या खांद्यावर एमॉस आयव्हसनचं घर होतं. मेंढपाळ, पन्नाशीचा, एकटा. त्याची धाकटी बहीण ॲग्नेस गावात नर्स होती. सायकलवरून वाड्यावस्त्या फिरायची. रविवारी मला चढून भावाकडे यायची, दोघं चहा प्यायची आणि तासाभरात फार तर दहा शब्द बोलायची. एवढ्यासाठी माणूस इतकं चढून का येतो, याचं मला नवल वाटायचं.

दुसरं महायुद्ध संपलं, त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी जो हिवाळा आला, तसे मी फार थोडे पाहिलेत. सात आठवडे बर्फ हललं नाही. एमॉस लांब काठीने बर्फ टोचत मेंढ्या शोधायचा. बर्फ वितळलं तेव्हा कुंपणाच्या भिंतीला टेकून एकोणीस मेंढ्या मेलेल्या सापडल्या. जमीन अजून दगडासारखी होती, पुरणार कुठे? त्याने एकेक ओढत नेली आणि हावऱ्यात ढकलली. त्याचा बाप तेच करायचा, आजाही तेच करायचा.

मे महिन्यात स्केलगार्थची मुलं आजारी पडू लागली. आधी दोन, मग सात. उलट्या, जुलाब, ताप. विनी कॅल्व्हर्ट चार वर्षांची, तिला मानही उचलवेना. ॲग्नेसने घरोघर सांगितलं, पाणी उकळून प्या. पण त्या वर्षी कोळसाच मिळत नव्हता. लोक दोन दिवस उकळायचे, तिसऱ्या दिवशी तसंच प्यायचे.

रविवार नसताना ती वर आली.

"एमॉस, हावऱ्यात मेंढ्या टाकल्यास?"

"टाकल्या. मग?"

"गावातली मुलं आजारी आहेत."

"हावऱ्याचं पाणी उत्तरेच्या दरीत जातं. आजोबा सांगायचे."

"आजोबा कधी आत जाऊन आले होते?"

"तू आली आहेस का?"

तिने चहा घेतला नाही. घोटभरही न घेता ती उठून गेल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

गावचा पोस्टमन युद्धात विमानदलात होता. समुद्रात पडलेला वैमानिक वरून दिसावा म्हणून पाण्यात सोडायचा रंग त्याच्याकडे उरला होता. ॲग्नेसने त्याच्याकडून त्या पुड्या मागून आणल्या. भुकटी विटकरी, पण पाण्याला लागली की हिरवीगार. सकाळी ती हावऱ्याच्या काठावर पालथी पडली आणि पुड्या ओढ्यात रिकाम्या केल्या. हिरवी धार आत पडली. मी लक्ष देऊन बसलो, पण दोन वळणांपलीकडे मला काहीच कळेना.

एक दिवस गेला, दुसरा गेला. एमॉस पोस्टमनला म्हणाला, "माझ्या बहिणीला सांग, गायींना हिरवं गवत पुरतं, हिरवं पाणी नको."

तिसऱ्या सकाळी विनीची आई कुंडावर चादरी धूत होती. ती हाताकडे बघत थांबली. मग शेजारणीला म्हणाली, "माझे हात बघ गं. हिरवे झालेत, की मलाच ताप चढलाय?"

दुपारपर्यंत सगळं गाव कुंडाभोवती उभं होतं. कुणीतरी एमॉसला बोलावून आणलं. त्याने हात बुडवला, ओंजळ वर धरली, बराच वेळ बघितलं. विनीचा बाप जॉब कॅल्व्हर्ट समोरच होता.

"मला दोर लागेल," एमॉस म्हणाला. "आणि दोर धरायला माणसं."

"मी धरतो," जॉब म्हणाला.

त्याच दिवशी एमॉस माझ्या आत उतरला. नाकाला फडकं, कमरेला दोर, वर जॉब आणि आणखी पाच जण. एकेक मेंढी बांधायची, वर ओढायची. दोन दिवस लागले. जॉब मनात आणता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात आला. वर काठावर बसलेल्या ॲग्नेसच्याही आला असावा. तिची नजर जॉबच्या हातांवरून हलत नव्हती. पण दोर एकदाही सैल पडला नाही. एकोणीस मेंढ्या निघाल्या. एमॉस वर आला तेव्हा जॉबने त्याला पाण्याची बाटली दिली, उकळलेल्या पाण्याची.

पोरं हळूहळू सावरली. विनी सगळ्यात शेवटी. जूनच्या मध्यावर ती दारातल्या पायरीवर येऊन बसली.

पण त्याआधीच, रंग सोडल्यापासून अकराव्या दिवशी, उत्तरेकडून निरोप आला होता. ॲग्नेस नऊ मैल सायकल मारून दरीत गेली, स्वतः बघितलं आणि परस्पर भावाकडे आली. तो दारात बूट काढत होता.

"तिकडचा झराही हिरवा झालाय," ती म्हणाली. "फिकट आहे, पण हिरवा. आजोबा खोटं बोलत नव्हते. तूही नव्हतास."

मला वाटलं, आता हा हसेल. तो बूट हातात घेऊन तसाच बसला.

"म्हणजे तिकडेही कुणी आजारी असेल," तो म्हणाला. "चल, मी येतो बरोबर."

त्याने काढलेला बूट पुन्हा पायात घातला. उत्तरेची उतरण त्याने बहिणीच्या मागून उतरली, ती सायकल ढकलत पुढे. दरीतल्या चार घरांची दारं त्याने स्वतः ठोठावली. दोन घरांत पोरं आजारी होती. तिसऱ्या घरच्या बाईने त्याला तोंडावर चांगलं सुनावलं. त्याने टोपी हातात धरून सगळं ऐकून घेतलं.

त्या शरदात एमॉसने हावऱ्याभोवती बिनचुन्याची दगडी भिंत रचली. आता ती दोघं भाऊबहीण चर्चच्या आवारातल्या कबरींत आहेत. पाठीवर पिशव्या लावलेले अनोळखी लोक माझ्यावर चढतात आणि भिंतीवर बसून पाव खातात. पश्चिमेला चार दगड ढासळलेत. जमलं तर ते पुन्हा चढवा, आणि आत काही टाकू नका. उतरून गेलात की कुंडातलं ओंजळभर पाणी प्या. थंड आहे म्हणतात, आणि किंचित गोड. मी ते कधी चाखलेलं नाही. चव कशी होती, एवढं मला कुणीतरी वर येऊन सांगा.