रिकाम्या तळ्यातली नाव

मार्गशीर्षातली सकाळ. सोनसळी, शांत, निरभ्र. टेकड्यांच्या कुशीत अच्युतरावांचं तळं पसरलेलं. निळं, नितळ, निस्तरंग. ओढ्याला मातीचा बांध घालून त्यांनी ते स्वतः उभं केलं होतं. बांधाखालच्या पेरूच्या बागेला पाणी मिळावं म्हणून, आणि खरं सांगायचं तर, रोज सकाळी नाव वल्हवायची हौस भागावी म्हणून.

बांधावर जांभूळ लावलं, तेही त्यांनीच. नव्या नवरीला, मंदाकिनीला, सावलीत बसून आपलं वल्हवणं पाहता यावं, एवढाच लाडिक हेतू. जांभूळ वाढलं, म्हातारं झालं, मागे एका वादळात कोसळलं. खोड सरपणात गेलं. मुळं बांधाच्या पोटात कुजत राहिली. त्यांची आठवण कोणाला राहणार?

रोजच्यासारखी मंदाकिनी चहाची किटली घेऊन बांधावर आली. आता पदर हलवायचा, की नाव बांधाकडे वळणार. नवराबायकोची ही जुनी खूण. तिनं सहज खाली पाहिलं. बांधाच्या पायथ्याशी, पूर्वी जांभूळ होतं त्या जागेच्या बरोबर खाली, पाणी उसळत होतं. लाल, गढूळ, मातीनं माखलेलं. बांध आतून वाहून चालला होता. तिच्या हातातली किटली गळून पडली.

"अहो, इकडे नका येऊ! मागे फिरा!" दोन्ही हात उंचावून ती किंचाळली.

शब्द पाण्यावरच विरले. अच्युतरावांना दिसले फक्त हलणारे हात, उडणारा पदर. ते हसले. नाव बांधाकडे वळली. ती ओरडत राहिली, ते अधिकच जोरानं वल्हवत राहिले. आपणच त्यांना मरणाच्या तोंडी बोलावतोय, हे तिला कळलं.

मग तिनं हात खाली घेतले. पाठ फिरवली. बांध सोडून पलीकडच्या उथळ काठाकडे ती धावत सुटली. त्यांच्यापासून दूर, दूर. येतील ना ते मागून?

"अगं मंदे, कुठं निघालीस?" अच्युतराव पुटपुटले. आणि नाव तिच्यामागे वळली.

नाव उथळ काठाजवळ पोचली, तोच धरणी हादरली. मंदाकिनी मघाशी जिथे उभी होती, नेमका तिथेच बांध फुटला. पाणी गरजत, गरगरत बागेवर कोसळलं. नाव मागे ओढली गेली, थरारली, उथळ काठाच्या चिखलात अडकली. पाहता पाहता सारी निळाई संपली.

मंदाकिनी थिजून उभी होती. समोर उघडं पडलेलं तळं, काळा चिखल, तडफडणारे मासे. रुतलेल्या नावेत अच्युतराव, जिवंत. चेहरा कोरा, डोळे तिच्यावर खिळलेले. हातातली वल्ही मात्र थांबली नव्हती; पाणी नसलेल्या तळ्यात ते अजून तिच्याकडे वल्हवत होते, वल्हवत होते.