मीडियम वेव्हवर दिलेला शब्द

मी माइक. बोलणं हे काही माझं काम नव्हे. समोरच्याचं ऐकायचं आणि तारेतून पुढे धाडायचं, एवढंच मला ठाऊक. पण आता ती तारच उरली नाही, म्हणून आज मीच बोलतोय.

जन्म कारखान्यातला, पण घर मिळालं ते रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानावर, माडीवरच्या दोन खोल्यांत. दुकान मामांचं. गावातला लहानथोर त्यांना मामाच म्हणे. खरेखुरे मामा मात्र ते एकीचेच, त्यांच्या भाचीचे. लोकांचे रेडिओ उघडता उघडता त्यांना स्वतःचं रेडिओ केंद्र काढायची हौस आली. नदीकाठच्या पडीक जमिनीवर उंच मनोरा उभा राहिला. आवाज घुमू नये म्हणून माडीवरच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, आणि मामांनी भाचीला माझ्यासमोर बसवलं.

"घाबरू नकोस. समोर एकच माणूस बसलाय असं समज आणि त्याच्याशी बोल."

ती बोलू लागली. कुणाची गाय चुकली, कुणाचं लग्न ठरलं, कोण गेलं, पूल चालू की बंद. लोक चहाआधी तिचा आवाज ऐकत. एकदा बोलताना तिला शिंक काय आली, दुपारपर्यंत जिन्यात औषधं घेऊन माणसांची रांग!

मग तो पूर आला. वीज गेली, फोन गेले. आमचा जनरेटर तेवढा धडधडत होता, आणि घराघरांत बॅटरीवरच्या रेडिओतून ती सांगत होती, "सामान राहू द्या. म्हाताऱ्यांना, पोरांना घ्या आणि शाळेच्या वरच्या मजल्यावर जा. आत्ता उठा." लोक उठले. ती म्हणाली म्हणून उठले. घसा पार बसला, पण ती जागची हलली नाही.

पुढे काळ पालटला. जाहिराती आटल्या. केंद्र बंद होणार अशी कुणकुण लागली, तसं गाव खवळलं. नावाड्यांनी नि दुकानदारांनी सभा ठरवली. आपण सगळे मिळून चालवू, पण केंद्र जाऊ द्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

मामा खोलीत आले. "सांग त्यांना, आपण कुठंही जात नाही. सभाबिभा काही नको."

"नक्की ना मामा?"

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

तिनं सांगितलं. इतक्या मनापासून, की मलाही खरं वाटलं. सभा बारगळली.

आणि एका सकाळी माणसं मनोरा उतरवायला आली. मनोऱ्याखालची जमीन मामांनी केव्हाच विकली होती. केंद्राचा इंजिनिअर धापा टाकत माडीवर आला आणि त्यानं बातमी दिली. भाचीनं मामांना गाठलं, माझ्यासमोरच.

"लोकांनी बोंब मारली असती तर सौदा फिसकटला असता," मामा खाली बघत म्हणाले.

"मग तुम्हीच बोलायचं होतंत. माझ्या तोंडून का?"

"माझं कुणी ऐकलं असतं? त्यांचा विश्वास तुझ्यावर."

ती खुर्ची ओढून बसली. बटण दाबलं. "नमस्कार. मी तुम्हाला खोटं सांगितलं. ते खोटं आहे हे मला माहीत नव्हतं, पण आवाज माझाच होता..."

मी शब्द न शब्द तारेत सोडत होतो. पण मनोऱ्याची वीज आधीच तोडली होती. इंजिनिअरनं काचेपलीकडून हातानं 'नाही' अशी खूण केली. तिनं ती पाहिली. तरी बोलणं पुरं केलं, आणि मग जिना उतरून गेली.

आता मी मामांच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात असतो. पाहुणे आले की मामा बोट दाखवतात, "यावरून आम्ही गाव वाचवलं." आम्ही म्हणे!

परवा इंजिनिअर येऊन गेला. म्हणाला, "भाची तुमची दारोदार फिरून खरं काय ते सांगतेय. काही जण बसा म्हणतात, काही दार लावून घेतात. एक म्हातारा नावाडी तिला म्हणाला, पोरी, आता पुन्हा पाणी चढलं तर आम्ही कुणाच्या सांगण्यावरून उठायचं?"

मामांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

माझं ऐकताय ना, तर एवढं करा. मला पुसूनबिसून ठेवू नका, माझं कौतुक तर मुळीच नको. हे कपाट उघडा आणि मला तिच्याकडे पोचवा. तिनं मला जमिनीवर आपटलं, तरी माझी तक्रार नाही.